मोटारीचं बटण

"ओत," बंगल्यातल्या मॅडम म्हणाल्या. "इथंच ओत. माझ्यासमोर."

माझ्या हातात पाण्याचा कॅन होता. त्यांची गाडी धुऊन झाल्यावर बागेतल्या नळावर भरून घेतलेला. घरी प्यायला थेंब नव्हता, म्हणून. त्या दुपारी मॅडमकडं भिशी होती. नटूनथटून आलेल्या बायका व्हरांड्यातून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "अगं, जाऊ दे ना, पाणीच तर आहे."

"आज पाणी आहे," मॅडम म्हणाल्या. "या लोकांना सवय लागते."

या लोकांना. एरवी मला त्या मावशी म्हणायच्या, अहो-जाहो करायच्या.

मी ओतलं. मान खाली घालून ओतलं. एवढासा कॅन, पण रिकामा होता होईना. पाणी फरशीवरून वाहत गेटाबाहेर गेलं. निघताना मॅडमनी उरलेला ढोकळा डब्यात भरून दिला आणि मी तो घेतला. घरी पोरीनं आणि सासूनं आवडीनं खाल्ला. मी त्याला हात लावला नाही.

तो बंगला गारखेड्यातला, एका रस्त्यांच्या ठेकेदाराचा. धुणंभांडी, फरशी, गाडी, सगळं मी करायचे. आमची गल्ली त्याच रस्त्याच्या उताराला आहे. पाण्याची लाईन एकच. आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि त्या दिवशी माझी मुलगी प्रज्ञा शाळा बुडवून नळापाशी बसते. नववीला आहे ती. नवरा वाळूजला कंत्राटी कामावर, मी बंगल्यात, आणि सासूचे गुडघे गेलेले. मग कोण बसणार? नळ निम्मा वेळ नुसती हवा सोडायचा. दोन-तीन हंडे भरले की संपलं. सगळी गल्ली पाणी सोडणाऱ्या माणसाच्या नावानं बोटं मोडायची.

सासू अशा वेळी हटकून महाडच्या तळ्याची गोष्ट काढायची. "आपल्या लोकांनी पाण्यापायी डोकी फोडून घेतली, आन् तुमी बसा नळाच्या तोंडाकडं बघत!" मी भाकरी थापत हूं हूं करायचे. दिवसभर दुसऱ्याची फरशी पुसून आलेल्या बाईला कोणतंच तळं दिसत नाही.

त्या ढोकळ्यानंतर पुढचं पाणी आलं, त्या दिवशी मी बंगल्यातच होते. पाणी आलं की मोटारीचं बटण दाबायचं, हे काम माझंच. मी दाबलं. मोटार घुमायला लागली, हौद भरायला लागला. तेवढ्यात प्रज्ञाचा फोन आला.

"मम्मी, नुसती हवाच यायलीय."

"बस थोडं. येईल," मी म्हणाले.

आणि लाईट गेली. मोटार गप्प झाली. फोन कानालाच होता.

"मम्मी! आलं! लई जोरात यायलंय!"

पोरगी हसत होती. हंड्यात पडणारी धार मला इकडं ऐकू येत होती. मग लाईट आली आणि मोटार आपोआप घुमली.

"गेलं गं मम्मी."

मी जागची हलले नाही. बटण बंद केलं. "आलं!" चालू केलं. "गेलं." पुन्हा बंद केलं.

रस्ता करताना ठेकेदारानं मोठ्या लाईनीला आपला जाड पाइप जोडून घेतला होता, आणि ही मोटार त्यातूनच पाणी ओढायची. भरदिवसा. आम्ही सगळ्यांनी ते खोदकाम बघितलं होतं. मोठ्यांच्या दारातलं काम, म्हणून कुणी विचारलं नाही. चार बायकांसमोर चोर ठरवून मला जे ओतायला लावलं, ते आमच्याच गल्लीचं पाणी होतं. मला संताप आला. रडूही आलं. पण बटणावरचा हात मी काढला नाही.

मॅडम बाहेर आल्या. "मोटार का बंद केली?"

"माझ्या घरी पाणी यायलंय," मी म्हणाले.

त्यांना समजलंच नाही. मग ठेकेदार साहेब आले. त्यांना लगेच समजलं. आवाज न चढवता म्हणाले, "तक्रार करायचीय? खुशाल कर. महापालिकेतले पाण्याचे साहेब रविवारी इथंच चहाला असतात."

खरं होतं. तो चहा मीच करायचे. बिनसाखरेचा.

"चालू कर," ते म्हणाले. "पोरीच्या शाळेचं बघू आपण."

"पोरीची शाळा तुमच्या मोटारीनंच बुडायलीय साहेब. मी नाय दाबणार."

मग त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः दाबलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दाबलं असेल. मी पदर खोचला आणि गेटाबाहेर पडले.

घरी आले तेव्हा प्रज्ञा नळापाशी बसूनच होती. मी गल्लीतल्या बायकांना गोळा करून सगळं सांगितलं. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. निम्म्याजणी असल्याच बंगल्यांत राबतात. एक म्हणाली, "आमची कामं जातील गं बाई." खरंय. जातील. माझं तर गेलंच. कुणाला भित्री म्हणायचं बळही माझ्यात उरलेलं नाही. सासूनं त्या दिवशी तळ्याची गोष्ट काढली नाही. एवढंच म्हणाली, "नळापाशी म्या बसते. गुडघ्याला बसायला काय हुतंय?"

मी लई दमलेय. पण आता ठरलंय. पुढच्या पाण्याला प्रज्ञा शाळेत जाणार. सासू नळापाशी बसणार. आणि मी रिकामा हंडा घेऊन त्या बंगल्याच्या गेटासमोर बसणार. बायका आल्या तर त्यांच्याबरोबर, नाही आल्या तर एकटी. आत मोटार घुमली की बाहेर मी हंडा बडवणार, सगळ्या गारखेड्याला ऐकू जाईल असा. मोटार बंद होईपर्यंत उठणार नाही.