पावण्यांनी निवडलेलं

माझ्या सासऱ्यांचं ग्रीनहाऊस फसलं ते माझ्यामुळे. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही; लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मी आपला ‘पावणं’च. आवाज असा की फोनवर बोलायला लागले की शेजारचे टीव्ही मोठा करायचे. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी वाद. माझ्याशी मात्र नाही. “जावयाचा शब्द मोडायचा न्हाय,” हा त्यांचा नियम. मी एकदा सहज म्हणालो, चहात साखर जरा कमी चालेल. त्या दिवसापासून त्या घरात सगळ्यांचाच चहा फिका झाला. आधी मला गंमत वाटायची. मग सवय झाली.

डेअरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना अडेनियमचा नाद लागला. गुलाबी फुलांची, फुगीर बुंध्याची ती झाडं ते बियांपासून वाढवायचे. बुंधा धरायला वर्षं जातात. रोज सकाळी एकेक बुंधा अंगठ्याने दाबून बघायचे. “पैलवानाच्या मांडीगत लागला पायजे. मऊ लागला की गेलाच म्हणायचा.” कोल्हापूरचा पाऊस या झाडांचा वैरी. पावसाळ्यात कुंड्या जिन्यात, व्हरांड्यात, देवघरापुढेसुद्धा यायच्या. सासूबाई वैतागल्या, तेव्हा ग्रीनहाऊस घ्यायचं ठरलं.

मामांचं मन पक्कं होतं. घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत लोखंडी सांगाडा, वर प्लॅस्टिकचा कागद आणि चारी बाजू उघड्या. तरी मला घेऊन शाहूपुरीतल्या दुकानात गेले. दुकानदाराने पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्यांची बंद केबिन दाखवली. चारी बाजूंनी भिंती, सरकतं दार, दिसायला झकास. मामा हसले.

“हे ग्रीनहाऊस हाय का इडलीचा कुकर? आमच्या पावसाळ्यात झाडं उकडून निघतील की ह्यात!”

दुकानदार म्हणाला, “काका, परदेशात सगळे हेच वापरतात.”

“परदेशात थंडी हाय, बाबा. हितं म्हशीला घाम येतोय.”

मामांचं खरं होतं, हे मलाही कळत होतं. पण त्यांचा सांगाडा उभा राहिला असता, तर बाजूची सगळी जागा गेली असती. आम्ही त्यांच्याकडे गेलो की मी तिथे गाडी लावायचो. नवी गाडी होती. केबिन भिंतीला चिकटून बसणार होती. मी म्हणालो, “मला तर हेच बरं वाटतंय, मामा.”

मामा दुकानदाराकडे वळून म्हणाले, “हेच द्या.”

पहिल्याच पावसाळ्यात केबिनच्या भिंतींना आतून पाणी सुटलं. वारा नाही, नुसती वाफ. बुंधे एकामागून एक मऊ पडले. सासूबाई म्हणाल्या, बाजूचे दोन पत्रे तरी काढून टाका. मामा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. पावण्यांनी निवडलेलं हाय. त्यास्नी काय वाटंल?” हे मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो असताना ऐकलं. ऐकून पाणी प्यालो आणि बाहेर आलो.

आम्ही जायचो तेव्हा जगलेल्या कुंड्या दारापाशी मांडलेल्या असायच्या. कुजलेल्या मागे, मोरीच्या आडोशाला, पोत्याखाली. मी ते पोतं बघितलं होतं. बायकोने एकदा ते उचललं आणि वडिलांना फैलावर घेतलं, “आबा, गल्लीला अक्कल शिकवतासा, आणि सोताचं असं करून घेतासा? कुणाला इचारायचं न्हाई, कुणाचं ऐकायचं न्हाई!” मी तिथेच उभा होतो. मामा म्हणाले, “चुकलं बघ माझं. हौस नडली.” आणि मला म्हणाले, “पावणं, बसा की. च्या घ्या.”

त्यानंतर त्यांनी बी लावलं नाही. झाडांवरून कुणाशी वादही घातला नाही. गेल्या हिवाळ्यात ते गेले. दिवसकार्याला जमलेल्या लोकांत बायको डोळे पुसत सांगत होती, “आबा हट्टी. स्वतःच्या हट्टापायी एवढी झाडं घालवली.” मी मान डोलावली.

मामांची माफी आता मागता येत नाही. पण त्यांची लेक रोज माझ्यासमोर बसते. तिचे वडील हट्टी नव्हते, एवढं तिला तोंडाने सांगायचं देणं मी लागतो. ते अजून दिलेलं नाही.