त्यानंतर किंचित घट

हवामान कचेरीत विभागाचा अंदाज लिहिणारा जो माणूस होता, त्याला गल्लीत सगळे हवामानराव म्हणत. त्या उन्हाळ्यात तर लोक त्याच्याकडे असे बघत, की ऊन जणू याच्याच घरातून निघतं. इस्त्रीवाल्याने एकदा कपडे देता देता सांगितलं, की साहेब, आता तरी पुरे करा. हवामानराव ‘बघतो’ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

काम तसं सरळ होतं. रोज दुपारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज चार ओळींत लिहायचा, कचेरीच्या प्रमुख मॅडमची सही घ्यायची आणि रेडिओला पाठवायचा. संध्याकाळच्या बातम्या झाल्या की रेडिओवरची बाई तो वाचून दाखवी. पहिल्या तीन ओळी आकड्यांच्या. चौथी मात्र या कचेरीची खास. ‘त्यानंतर तापमानात किंचित घट होण्याची शक्यता आहे.’ ती कुण्या जुन्या साहेबाने सुरू केली होती. त्याचं म्हणणं, लोकांना नुसतं भाजून सोडू नये, जाताना हातावर काहीतरी ठेवावं. आणि ‘त्यानंतर’ म्हणजे सहावा दिवस. अंदाज पाचच दिवसांचा, तेव्हा सहाव्या दिवसाचा जाब विचारतो कोण? दुसऱ्या दिवशी नवा अंदाज निघे आणि सहावा दिवस गुपचूप एक घर पुढे सरके. एरवीच्या उन्हाळ्यात पारा कधी ना कधी उतरायचाच, त्यामुळे ही लबाडी आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

यंदाची लाट मात्र मुक्कामालाच आली. कचेरीतला पंखा गरम हवा इकडची तिकडे करी, खुर्चीचं रेक्झिन पाठीला चिकटे, आणि नळाला दुपारी जे पाणी येई त्यात चहा करायला फारसं काही बाकी नसे. हवामानराव रोज नवे आकडे भरी, जे कालच्यासारखेच असत, आणि खाली चौथी ओळ लिही. हात आपोआप चाले.

आता ही ओळ मनावर कोण घेतं? तर घेणारं एक माणूस होतं, आणि ते नेमकं त्याच्याच रक्ताचं निघालं. त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शिलाई मशिन चालवून शिकवलं, आणि अजूनही ती लहानपणच्या त्याच जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटी राहून लोकांच्या शर्टांना काजं करत होती. वर पत्र्याचं छप्पर. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसे. हवामानराव राही दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर, मागे सावली, खोल्या गार. तो आणि त्याची बायको रोज आळवणी करत, की ताई, लाट जाईपर्यंत तरी चल. ताई ढिम्म हलेना.

तिचं उत्तर ठरलेलं. बोटांवर पाच दिवस मोजून म्हणे, रेडिओने सांगितलंय, शनिवारी उतरेल. शनिवार गेला की म्हणे, एखादा दिवस इकडेतिकडे व्हायचाच, आता मंगळवार. हवामानराव म्हणाला, अगं ते मीच लिहितो, ते तसं नसतं, नुसतं लिहायचं म्हणून लिहितात. तर ती म्हणाली, तोंडाने तू लहानपणापासून थापा मारत आलायस, रेडिओवरचं सरकारी असतं. बरं, हे ती स्वतःपुरतं ठेवी तर शपथ! अख्ख्या इमारतीला जिन्यात उभी राहून सांगे. पाणी भरताना बायका तिलाच विचारत, भाऊ काय म्हणतो? आणि ही मान वर करून दिवस सांगे.

मग एका दुपारी तिच्या खालच्या मजल्यावरच्या मास्तरणीचा कचेरीत फोन आला. ताई जिन्यात बसलेली सापडली होती आणि तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. हवामानराव तसाच धावत गेला. डॉक्टरांनी सलाइन लावलं, ती शुद्धीवर आली, आणि डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, या पत्र्याखाली हे पुन्हा झालं तर मला बोलावून उपयोग नाही. त्याने ताईसमोर हात जोडले. ती डोळे मिटूनच म्हणाली, “रविवारी उतरतंय ना, मग कशाला?”

दुसऱ्या दिवशी त्याने तीनच ओळी लिहिल्या.

मॅडमनी कागद उलटून बघितला, चौथी ओळ मागे आहे का म्हणून. लोक धीर कशावर धरणार, असं त्यांनी विचारलं. हवामानराव म्हणाला, त्या ओळीच्या भरवशावर एक बाई पत्र्याखाली बसून आहे. कोण बाई? माझी बहीण. मॅडम म्हणाल्या, नातेवाइकांच्या सोयीने अंदाज बदलता येत नाही. तेही बरोबरच होतं. तेव्हा त्याने विचारलं, की आकड्यांत घट कुठे दिसते का? मॅडम नकाशांकडे बराच वेळ बघत राहिल्या, मग ‘नाही दिसत’ म्हणाल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या.

संध्याकाळी त्याने रेडिओ लावला. बाईने तीन ओळी वाचल्या, आणि श्वाससुद्धा न घेता पुढे म्हणाली, त्यानंतर तापमानात किंचित घट होण्याची शक्यता आहे. त्याने तिथल्या तिथे फोन केला. बाई खुशीत होती. “तुमची शेवटची ओळ राहिली होती. मला पाठ आहे, मी आपली घातली.” हवामानरावाने, कपाळावर हात मारून घेत, तिचे आभार मानले. सवय वाईट.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा चार ओळी लिहिल्या. चौथी अशी: ‘त्यानंतरही तापमानात घट होण्याची शक्यता नाही.’ मॅडम म्हणाल्या, असं या कचेरीतून कधी गेलेलं नाही. तो ‘हो’ म्हणाला. सही झाली.

बातम्यांच्या वेळी तो ताईच्या खोलीत तिच्याशेजारी जाऊन बसला. ताईने मांडीवर ओलं फडकं घेतलं होतं. रेडिओवरची बाई तीन ओळी वाचून थांबली. खरखर ऐकू येत राहिली. मग तिने चौथी वाचली, जरा हळू आवाजात.

ताईने रेडिओ बंद केला. उठली, खाटेखालून एक पिशवी ओढली. कपडे, औषधं, चष्म्याचं घर, सगळं घडी घालून भरलेलं होतं.

“हे कधी भरलंस?”

“झाले बरेच दिवस.”

“मग आली का नाहीस? ताई, मी मरणाचा घाबरलो होतो.”

“कशी येणार?” ताई म्हणाली. “सगळ्या इमारतीला मी सांगत होते, माझा भाऊ म्हणतो उतरेल. आणि मीच पिशवी घेऊन निघाले असते तर? लोक म्हणाले असते, याच्या सख्ख्या बहिणीचाच याच्यावर विश्वास नाही.”

हवामानरावाला आजवर वाटत होतं, ही भाबडी त्या ओळीला भुलून बसली आहे. पण ती ओळ पोकळ आहे हे तिला पहिला शनिवार गेला तेव्हाच कळलं होतं. त्याचा शब्द पडू नये म्हणून ती पत्र्याखाली भाजत राहिली होती.

“आता तूच सांगितलंस ना नाही म्हणून,” ती म्हणाली. “चल.”

त्याने पिशवी घेतली. जिन्यात खालच्या मजल्यावर मास्तरीण दार उघडून उभीच होती. तिने विचारायच्या आत ताई कठड्याला धरून थांबली, दम घेतला आणि मान वर करून म्हणाली, “माझा भाऊ म्हणतो, उतरणार नाही. कुणाकडे जायची सोय असेल तर जा.” प्रत्येक मजल्यावर ती अशीच थांबली आणि हेच सांगत गेली. मागे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या हवामानरावाला रडू आवरेना. पण घामात ते खपून गेलं.