वकीलबाईंच्या अक्षता

कर्वेनगरात एक आवई बरीच वर्षं फिरत होती: ॲडव्होकेट सत्यशीला ओतूरकर ज्या लग्नात अक्षता टाकतात, ते लग्न वर्षाच्या आत मोडतं. साफ खोटं. मोडलं ते एकच लग्न, बाईंच्या भाच्याचं, सलिलचं. आणि त्या लग्नाला बाई पोहोचल्याच नव्हत्या. तिकडे मंगलाष्टकं चालू होती आणि इकडे त्यांची गाडी हिंजवडीच्या चौकात कंपनीच्या दोन बसच्या मधे अडकली होती. शेजारच्या वासंतीकाकू हे छातीठोकपणे सांगतात, कारण मागच्या सीटवर पैठणी सांभाळत त्याही बसल्या होत्या. पण खरं सांगणाऱ्याला ऐकतो कोण?

बाईंचं माहेर कसबा पेठेतलं. वकिलीही तिथल्याच घरमालक-भाडेकरूंच्या भांडणांवर सुरू झाली. आजोबांनी लावलेला दावा नातवाने पुढे चालवायचा, असा तो निवांत कारभार. नव्वदनंतर वारं फिरलं. मुलं संगणक शिकून हिंजवडीला जाऊ लागली, घरात दोन पगार आले, आणि बाईंच्या ऑफिसात भाडेकरूंऐवजी जोडपी येऊन बसू लागली. एक दिवसपाळीला, दुसरं अमेरिकेच्या वेळेला.

"मॅडम, ॲक्च्युअली आमचं भांडण असं काही नाहीये," एक मुलगी म्हणाली होती.

"मग?"

"भांडायला टाइमच मॅच होत नाही."

"रविवारी भांडून बघा. जमलंच नाही, तर सोमवारी या."

अशी निम्मी जोडपी परत आलीच नाहीत. पण ही गोष्ट कुणी पसरवली नाही. तिच्यात मजा ती काय?

पुढे वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. पक्षाला शिकलेली बाई हवी होती, बाईंना कोर्टाच्या न बोलणाऱ्या भिंतींपुढे युक्तिवाद करायचा कंटाळा आला होता. नगरसेविका झाल्या, पाण्याच्या लाइनी बदलून घेतल्या, सोसायट्यांची भांडणं चहावर मिटवली. मग दोन हजार नऊ साली त्यांनी विधानसभेचं तिकीट मागितलं आणि गाडं अडलं.

"ताई, काम चांगलंय हो तुमचं," पक्षाचे शहराध्यक्ष रंगनाथराव म्हणाले, "पण आमदारकी मांडवात मिळते. तो दिग्विजय बघा, दिवसाला सात लग्नं करतो."

"मी एकच केलं. तेवढ्यातच दमले."

रंगनाथराव हसले नाहीत. येत्या रविवारी नागोरावांच्या रुपालीचं लग्न होतं. नागोराव परभणीहून ड्रायव्हर म्हणून आले आणि आता त्यांच्या स्वतःच्या बस हिंजवडीला धावत होत्या. परभणीकडून आलेला सगळा माणूस त्यांच्या शब्दावर मत देई. रंगनाथराव म्हणाले, "त्या मांडवात माईकवर तुमचं नाव पुकारलं, तर तिकीट तुमचं. नाहीतर दिग्विजयचं."

अख्ख्या कर्वेनगरला पत्रिका गेली, बाईंना तेवढी आली नाही. तरी त्या गेल्या. सोबत वासंतीकाकू, असल्या वेळी त्यांना बोलवावं लागत नाही.

दारातच नागोरावांच्या पत्नीने, गोदाबाईंनी हात आडवा धरला. "बाई, राग नका धरू. पन तुमच्या अक्षता नको माझ्या लेकीच्या डोईवर. तिचा संसार हाय."

आत माईकवाला गळा ताणून ओरडत होता, "आपले लाडके युवा नेते दिग्विजयदादा!" दादा फेटा बांधून स्टेजवर चढलेसुद्धा. बाईंनी पर्सचा पट्टा घट्ट धरला. काकूंना वाटलं, झालं, आता मागे वळणार. पण बाई पुढे झाल्या आणि गोदाबाईंच्या कानात काहीतरी बोलल्या.

 गोदाबाई तोंडाला पदर लावून अशा हसल्या की बांगड्या वाजल्या. बाईंच्या ओंजळीत त्यांनी स्वतः अक्षता भरल्या आणि स्टेजकडे बघून ओरडल्या, "अवो माईकवाले, आमच्या वकीलबाईचं नाव घ्या आधी!"

जिलबीच्या रांगेत उभ्या असलेल्या रंगनाथरावांनी ते नाव नीट ऐकलं. तिकीट मिळालं आणि बाई थोडक्या मतांनी का होईना, निवडून आल्या.

पण कानात सांगितलं काय? कुणी म्हणे, जावयाला नोकरी कबूल केली. कुणी म्हणे, बसचं परमिट. काकूंची तर झोप उडाली, कारण त्या हातभर अंतरावर उभ्या होत्या आणि बँडवाल्याने नेमका तेव्हाच ढोल बडवला होता. बाईंच्या यजमानांना, दिगंबररावांना विचारून पाहिलं, तर ते म्हणाले, "मला घरातलंच कळत नाही, मांडवातलं कुठून कळणार?"

निकालाच्या संध्याकाळी काकू पेढे घेऊन हजर. "अगं सत्यशीला, अभिनंदन वगैरे नंतर. आधी सांग, त्या गोदाबाईंना काय म्हणालीस?"

नव्या आमदारबाई कानातला गुलाल पुसत होत्या.

"म्हटलं, संसार टिकेलच असं मी लिहून देत नाही. पण माझ्या अक्षतांनी मोडला, तर केस फुकट लढेन, आणि तुमच्या मुलीच्या बाजूने."