एर्डूचे बाद झालेले मत

राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक इतकी अटीतटीची झाली की निकालच जाहीर होऊ शकला नाही. दोन उमेदवारांमधले अंतर थोडे होते आणि गोंधळामुळे रद्द झालेल्या केंद्रांवरची मते त्याहून अधिक. त्या केंद्रांपुरते मतदान पुन्हा घ्यायचे ठरले आणि नदीने तोडलेले आमचे म्बागेर गाव काही दिवस साऱ्या राज्याचे लाडके झाले. मिठाच्या पुड्या, कापडाचे तागे आणि आश्वासने होडीतून येऊ लागली.

एर्डूने यातले काहीच घेतले नाही. यामच्या कंदांची शेती करणारी ही विधवा. तिची मुलगी सेवुएसे आदल्या पावसाळ्यात बाळंतपणात अडली. नदीला पूर होता, नावाडी होडी घालायला धजेना. पलीकडच्या दवाखान्याचे पत्रे डोळ्यांसमोर चमकत असताना तिने अलीकडच्या काठावरच प्राण सोडला. कुदळ हे चिन्ह असलेल्या उमेदवाराने पुलाचे वचन दिले होते. ते तो पाळील याची हमी कोणीच देऊ शकत नव्हते; पण एर्डूला दुसरे काही मागायचेच नव्हते. तिचा मुलगा तेर्सू केंद्रावर त्याच पक्षाचा प्रतिनिधी होता.

मतपत्रिका उभी घडी घालून पेटीत टाकायची असते, म्हणजे अंगठ्याची ओली शाई समोरच्या रकान्यावर उमटत नाही. एर्डूने अंगठा नीट दाबला आणि ठेवणीतल्या कापडाची घालावी तशी मतपत्रिकेची घडी घातली. आधी आडवी, मग पुन्हा एकदा.

मोजणी आंब्याखाली, सर्वांदेखत झाली. परप्रांतातून आलेली तरुण अधिकारी एकेक मतपत्रिका उंच धरून चिन्ह पुकारी आणि सारा जमाव एका सुरात आकडा म्हणे. कंदील हे चिन्ह असलेल्या दुसऱ्या उमेदवाराच्या एका मतावर दोन ठसे निघाले, तेव्हा तेर्सू उसळून उठला.

"बाद! नियम म्हणजे नियम. काय रे ओर्दुएन, तुमच्या माणसानं अंगठा बुडवला की अख्खा पंजा?"

लोक हसले. कंदिलाचा प्रतिनिधी ओर्दुएन म्हणाला, "हसून घे लेका. पेटी अजून रिकामी झाली नाही."

ते मत बाद झाले. थोड्या वेळाने वर धरलेल्या मतपत्रिकेवर कुदळीच्या रकान्यात ठसठशीत अंगठा होता, त्याच्या मधोमध सुरीच्या जुन्या जखमेची पांढरी रेघ; आणि कंदिलाच्या रकान्यात त्याचीच फिकट छाया. जमावाचा आकडा ओठांतच राहिला. तो अंगठा सगळे गाव ओळखत होते.

"मत कुणाला आहे ते तर दिसतंय," अधिकारी तेर्सूकडे पाहत म्हणाली. "तुमचं काय म्हणणं?"

"आता का रे दातखीळ बसली?" ओर्दुएन ओरडला. "नियम नदीत वाहून गेला वाटतं!"

"बाद," तेर्सू म्हणाला. गर्दीत उभ्या असलेल्या आईकडे त्याने पाहिले नाही.

कुदळीचा उमेदवार राज्यात अगदी थोडक्यात हरला. एका मताने काही फरक पडला नसता, असे एर्डूला जो तो सांगू लागला, आणि ते खरेच होते. परंतु ती बेरजेत भर घालायला गेली नव्हती. मुलीच्या वतीने साक्ष द्यायला गेली होती. मत मोजायचे कसे हे आपण शिकलो आहोत. कोणाची साक्ष आपण बाजूला टाकली, हे विचारणारी जागा आपल्या व्यवस्थेत अजून नाही.

निकालाच्या संध्याकाळी तिने कांडलेला याम आणि तिळाची आमटी तेर्सूपुढे ठेवली.

"आई, त्यांचं मत मीच बाद करायला लावलं होतं. मग तुझं कुठल्या तोंडानं राखणार होतो?"

"नाहीच राखायचं. बरोबर केलंस."

"मग अशी गप्प का?"

"बोलतेय की. जेव." तिने ताट त्याच्याकडे सरकवले. "अंगठा माझा आहे, हे ओळखलं होतंस ना?"

"बघताक्षणी."

"आणि उत्तरही तस्संच दिलंस." तिने आमटीवर झाकण ठेवले. "जरासा तरी अडखळला असतास रे. सेवुएसेसाठी."

तेर्सू ताटाला न शिवता उठला.