जुन्या पेट्यांतली लाल माइट

मी मोटारसायकल स्टँडला लावतोय तोवर शेडच्या दारातून एक गाठोडं बाहेर येऊन पडलं. मागोमाग परात. मग सुभेदारांचा आवाज आला. “चल, निघ आत्ताच्या आत्ता! तुझ्या खरजेनं माझ्या कोंबड्या मारल्यास तू!”

गाव कुंडल. मी तेव्हा जनावरांचा सरकारी डॉक्टर होतो. सुभेदार फौजेतून रिटायर होऊन आलेले, घरचा ऊस, आणि आता ही नवी पोल्ट्री. कोंबड्या मरतायत म्हणून त्यांनीच मला बोलावलं होतं. ज्या बाईला ते हाकलत होते ती हौसाबाई. कवठे महांकाळकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. दुष्काळात मेंढरं गेली आणि नवराबायको इकडे कामाला आले. नवरा उसाला पाणी द्यायचा, ही कोंबड्या बघायची. राहायला शेडला लागून एक खोली.

तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल पुरळाने भरले होते. खाजवून रक्त आलेलं.

“सायेब, हितं यायच्या आदी मला काय बी नव्हतं,” ती म्हणाली. “ह्यांनी गावभर सांगितलं हिला खरूज हाय. आडावर बायका मला पानी भरू देईनात.”

“आणि अंडी? अंडी कुठं जात्यात? तीबी हीच चोरती!” सुभेदार म्हणाले.

तिने गाठोडं उचललं आणि ती चालू लागली. मी थांब म्हणालो, पण ती थांबली नाही.

मी आत गेलो. कोंबड्यांचे तुरे पांढुरके पडले होते. अंगात रक्त कमी झालं की असं होतं. दोन कोंबड्या अंडी घालायच्या पेटीतच मरून पडल्या होत्या. पिसं उलटून बघितली, अंगावर एकही किडा नाही.

“संध्याकाळी कोंबड्या शेडात नीट येतात का?”

“न्हाईत. मारून मुटकून आत घालाव्या लागत्यात. बाभळीवर चढून बसत्यात साल्या.”

तेवढ्यावरून माझ्या लक्षात आलं. कोंबड्या रात्री बसतात ती दांडी मी भिंतीच्या खाचेतून उपसली. खाचेत राखेसारखं काहीतरी साचलं होतं, आणि ती राख हलत होती. खिशातला कागद तिच्यावर दाबला. कागदावर लाल रेघा उठल्या.

याला लाल माइट म्हणतात. गोचिडाच्या जातीतलाच, पण मोहरीहून बारीक जीव. दिवसा फटीत लपतो, अंधार पडला की कोंबडीवर चढून रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत फटीत. म्हणून दिवसा कोंबडी तपासली तर काही सापडत नाही. कोंबडी रात्रभर झोपत नाही, अंडी बंद करते, शेवटी मरते. आणि शेजारी माणूस झोपत असेल तर त्यालाही चावतो.

“सुभेदार, हात द्या इकडं.”

“कशाला?”

मी त्यांचं मनगट धरलं आणि तळहात पेटीच्या सांध्यावर दाबून ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी हिसडा मारून हात सोडवला. बाहीच्या आत काहीतरी चढत होतं. ते खाजवायला लागले. पांढऱ्या शर्टाच्या कफावर लाल ठिपके उमटले.

“आता गावात सांगू का, सुभेदारांना खरूज झाली म्हणून?”

“डॉक्टर, तोंड सांभाळून बोला.”

“पेट्या कुठून आणल्या?”

“इस्लामपूरला एक पोल्ट्री बंद पडली, तिथनं. स्वस्तात गावल्या. पन लय म्हैने रिकाम्या पडल्या हुत्या. उपाशी काय जगतंय?”

“हे जगतं. कित्येक महिने जगतं. ही घाण तुम्ही तुमच्या पैशानं विकत आणलीय, आणि हाकललं त्या बाईला. तिला आधी परत बोलवा.”

“ते सोडा. दवा बोला. मानसं काय, पायलीला पन्नास मिळत्यात.”

माझं डोकं फिरलं. मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. जनावरांना मात्र मी तसं कधी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या साहेबांचा फोन. सुभेदारांनी तक्रार केली होती. “अहो, तुम्ही कोंबड्यांचे डॉक्टर आहात की त्या बाईचे वकील?”

“साहेब, त्या बाईला जे चावतंय तेच कोंबड्यांना चावतंय. निदान एकच.”

“ट्रीटमेंट द्या आणि गप्प बसा.”

ट्रीटमेंट दिली. कोंबड्या बाहेर जाळीत काढायच्या. खालचं भुसकट आणि जुन्या पेट्या जाळायच्या. दांड्या ब्लो लॅम्पच्या जाळावर भाजायच्या, भिंतीच्या फटी बुजवून चुना द्यायचा, मग रिकाम्या शेडमध्ये मॅलॅथिऑनचा फवारा. औषधाने माइट मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत. म्हणून आठवड्याने पुन्हा फवारा.

पण हे करणार कोण? खरजेचं शेड म्हणून सुभेदारांनीच गावभर केलं होतं. आता तिथे पाय ठेवायला एक गडी तयार होईना. मी गेलो तेव्हा ते बनियनवर एकटेच भुसकट ओढत होते, आणि अंग खाजवत होते. मला वाईट वाटलं नाही.

शेवटी त्यांनी हौसाबाईला निरोप धाडला. ती नवऱ्यासकट गावाबाहेर ओळखीच्या मेंढपाळांच्या तळावर होती. तिचं उत्तर आलं, “आडावर या. बायकांच्या म्होरं बोला.”

सुभेदार दोन दिवस गुरगुरले. मग गेले. मला साक्षीला नेलं, त्यांच्या म्हणण्याला माझ्यामुळे वजन येईल म्हणून. मी तोंड उघडलं नाही. बायका घागरी धरून थांबल्या.

“हिला खरूज नव्हती,” सुभेदार जमिनीकडे बघत म्हणाले. “कोंबड्यांच्या पिसवा चावल्या. जुन्या पेट्यांतनं आल्या. पेट्या मीच आनल्या.”

“आनि अंडी?” हौसाबाईने विचारलं.

“...न्हाई चोरली.”

“ऐकलंसा न्हवं समद्यांनी?” ती बायकांकडे वळली. कुणीतरी पुढची घागर बाजूला सरकवली. तिने पोहरा सोडला, घागर भरली, डोक्यावर घेतली.

“मग उद्यापासनं येतीस नव्हं?” सुभेदारांनी विचारलं.

“कशाला? मी बोलवलं ते माझ्या नावावरचा डाग धुवायला. कोंबड्या तुमच्या, तुमी सांभाळा.”

ती गेली. पुढे पलूसकडे एका पोल्ट्रीवर नवराबायकोला काम मिळालं. तिचे हात महिन्याभरात स्वच्छ झाले.

सुभेदारांनी दुसरा फवारा टाळायचा प्रयत्न केला. मी उभा राहून मारून घेतला. कोंबड्यांचे तुरे हळूहळू लाल झाले, अंडी वाढली. साहेबांनी मीटिंगमध्ये ही केस स्वतःची म्हणून सांगितली.

त्यानंतर कुठल्याही पोल्ट्रीत गेलो की कोंबडी बघायच्या आधी विचारायचो, पेट्या नव्या की जुन्या? आणि इथे काम कोण करतं, त्याचे हात दाखवा. मालकांना या प्रश्नांचा राग यायचा. येऊ दे. माझाही अजून गेलेला नाही.