खुंटी ते खुंटी

कुसुमबाई माझ्याकडे विज्ञान शिकायला आल्या तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. राहणार तिगावच्या. वडील सुधाकर संत्र्याच्या बागा आखून द्यायचे. कलमं लावण्याआधी शेतात दोरी ताणायची आणि खुंट्या ठोकायच्या, हे त्यांचं काम. दोरीचं दुसरं टोक वीस वर्षं कुसुमबाईंच्या हातात होतं. पुढे त्या पांढुर्ण्याच्या एका शाळेत, प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस म्हणून लागल्या. कायम व्हायला दहावी हवी होती. ओपन बोर्डातून बाकीचे विषय निघाले, विज्ञान मात्र दोनदा राहिलं. शाळेने सांगून टाकलं, या खेपेला नाही जमलं तर दुसरी बाई घेऊ.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. डोकं तापट, आणि आपल्याला सगळं येतं हा जुना समज. गुरुत्वाकर्षणाचं गणित मी त्यांना सोपं करून दिलं. दोन वस्तुमानांचा गुणाकार करा, अंतराच्या वर्गाने भागा, स्थिरांक 'जी'ने गुणा. अंतर कोणतं? "प्रश्नात छापलं असेल तेच उचला. जास्त डोकं लावू नका." अशी दोन-दोन गोळ्यांची गणितं त्यांच्याकडून वहीत दहादा सोडवून घेतली.

पेपर देऊन त्या थेट माझ्याकडे आल्या. प्रश्न असा होता: शंभर-शंभर किलोचे दोन गोळे, प्रत्येकाची त्रिज्या पाव मीटर, दोघांमधली मोकळी जागा अर्धा मीटर, बल काढा. तीन गुण.

"अंतर किती घेतलं?" मी विचारलं.

"एक मीटर."

माझं टाळकंच सरकलं. "अर्धा मीटर छापलंय ना समोर? चार महिने पालथ्या घड्यावर पाणी!"

त्यांनी अंगणातल्या मातीत बोटाने दोन गोल काढले आणि मधोमध एकेक ठिपका दिला.

"सर, आमी बाग आखतो तवा खड्ड्याच्या काठापासून नाई मोजत. कोनता खड्डा मोठा, कोनता लहान. ओळ वाकडी जाते. खुंटी मधात राहते. खुंटी ते खुंटी वीस फूट. इथं पाव इकडचा, पाव तिकडचा, अर्धा मधातला. एक नाई होत का?"

होत होता. माझ्या पद्धतीने उत्तर चौपट आलं असतं. केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजायचं, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. यांच्यापुरतं सोपं करता करता मीच ते गाळून टाकलं होतं. मला लाज वाटली, आणि मी उगाच बायकोला चहा टाकायला सांगितला.

निकाल लागला. विज्ञानात चौतीस, पास व्हायला तेहतीस. कुसुमबाई संत्र्याची बर्फी घेऊन आल्या.

"माझं चुकतंय हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुमी चिल्लावता ना, सर," त्या म्हणाल्या. "म्हटलं, वहीत तुमचं लिहू, पेपरात माझं."