अनूश आंटींची कात्री

अनूश आंटींच्या हातात कुणी भरतकाम किंवा लेस दिली, की त्या आधी ती उलटी करत. "पुढून सगळेच छान दिसतात, लाह," म्हणत आणि मागची बाजू डोळ्यांपाशी नेत.

माझ्या टीपॉयवरच्या क्रोशाच्या रुमालाचं त्यांनी पहिल्याच भेटीत तेच केलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नवरा मरीन इंजिनिअर, सहा-सहा महिने बोटीवर. मी पुण्याची बँकेतली नोकरी सोडून सिंगापूरला बेडोकच्या फ्लॅटमध्ये बसलेली. आंटी खालच्या मजल्यावर एकट्या राहत. जन्मानं आर्मेनियन, वय साठीपुढचं. लग्न होऊन बैरूतहून तिथे आल्याला चाळीस वर्षं झाली होती, त्यामुळे इंग्रजी अगदी तिथलं, वाक्याशेवटी 'लाह' लावून बोलत. रुमाल परत देत म्हणाल्या, "चांगला आहे. पण एक धागा ओढला की सगळा उसवणार. खाली ये, न उसवणारं शिकवते."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. आर्मेनियन लेसला कापड लागत नाही, क्रोशाची सुई लागत नाही. साधी शिवणाची सुई आणि सुती दोरा. फास घ्यायचा, गाठ मारायची, पुन्हा फास, पुन्हा गाठ. मधून सुरुवात करून फेरीफेरीनं बाहेर यायचं. गाठ चुकली तर उसवता येत नाही, कापूनच टाकावी लागते. पहिला महिना मी केलं त्यापेक्षा कापलंच जास्त. आंटी कधी रागावल्या नाहीत. "कंटाळा आला? सुई ठेव, चहा पी. कंटाळलेल्या हाताची गाठ सैल पडते," एवढंच म्हणत. त्यांची आई ही लेस अनाथाश्रमात शिकली होती. १९१५च्या आर्मेनियन कत्तलीत तिच्या घरादाराचं काय झालं, ते आंटींनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच दोरा ओवायला घेतला.

आठ महिन्यांनी माझा बशीएवढा रुमाल पुरा झाला. नवरा सुट्टीवर आला होता. "एवढ्या वेळात आमचं जहाज जग फिरून आलं, आणि तुझी एक बशी?" तो म्हणाला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून रुमाल खाली घेऊन गेले.

आंटींनी तो उलटा केला, बराच वेळ पाहिला आणि कात्री उचलली.

"आंटी, काय करताय?"

"कापायचा. मधोमध. गाठी पक्क्या असतील तर एकही फेरी सुटत नाही. माझ्या आईनं माझा कापला होता." त्यांनी कपाटातून आपला जुना रुमाल काढला. मधली सांधलेली रेघ दिसत होती.

मी रुमाल त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावला. आठ महिन्यांची मेहनत, असं काहीतरी बोलले. खरं कारण वेगळं होतं. शेवटच्या काही फेऱ्या मी टीव्ही बघत भराभरा उरकल्या होत्या. मला माझ्याच गाठींची खात्री नव्हती.

आंटींनी कात्री खाली ठेवली. "तुझं काम, तुझी मर्जी. पण परीक्षा तुझी नाही गं, माझी आहे. माझ्या मुलींनी सुई हातात धरली नाही. माझ्याकडून शिकलीस ती तू एकटीच. मी नीट शिकवलं की नाही, ते मला कसं कळणार?"

मी तरीही रुमाल घेऊन वर आले. नंतर आम्ही पुष्कळदा भेटलो, चहा प्यालो. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मला काढायचा धीर झाला नाही.

वर्षभरात आम्ही पुण्याला परतलो. दोनेक वर्षांनी बेडोकच्या शेजारणीचं पत्र आलं. आंटी गेल्या होत्या.

मी पत्र घडी करून ठेवलं, रुमाल टेबलावर पसरला आणि स्वयंपाकघरातली कात्री आणली. मधोमध कापला. दोन्ही तुकडे ओढून पाहिले, झटकले, नळाखाली धरून पिळलेसुद्धा. टीव्हीसमोरच्या फेऱ्यासुद्धा जागच्या हलल्या नाहीत.

आंटी पास झाल्या होत्या. सांगायला मी तीन वर्षं उशीर केला होता.